मनाला सांभाळायला किती पैसे लागतात?

पत्र:

ताई, मी गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३६. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस शिवते. मालकांची चार एकर कोरडवाहू. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलं. दोन लेकरं आहेत, सासूबाई आहेत. बचत गटाचं कर्ज आहे आणि वरून एका फायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता. त्याचा वसुलीवाला सकाळी सातलाच दारात येऊन बसतो, सगळी आळी बघते. चार महिने झाले, पहाटे तीनला डोळा उघडतो आणि काळीज धडधडायला लागतं. मग उजाडेपर्यंत झोप नाही. दिवसभर मशीनवर बसते पण काम पुढं सरकत नाही. लेकरांवर हात उठतो, मग मलाच रडू येतं. पूर्वी भजनी मंडळात जायचे, ते सुटलं. रात्री सगळे झोपले की बारा-साडेबारापर्यंत मोबाइल बघत पडते. मोबाइलवर सांगतात काउन्सेलिंग घ्या. चौकशी केली तर एका वेळचे हजार-बाराशे म्हणाले. परभणीला जायचं तर दिवस मोडतो. मेडिकलवाल्यानं झोपेची गोळी दिली होती, ती अधूनमधून घेते. सासूबाई म्हणतात बाहेरचं असेल, बघून घेऊ. मरावं वगैरे वाटत नाही, पण कुठंतरी निघून जावं असं वाटतं. पैसे न घालता घरच्या घरी काही करता येईल का? गावात कळलं तर डोक्यावर परिणाम झाला म्हणतील, म्हणून नाव छापू नका.

उत्तर:

ताई, नाव छापलेलं नाही, गावही नाही. तुम्ही विचारलंय त्याचं सरळ उत्तर असं, की पैसे न घालता पुष्कळ काही करता येतं. मात्र घरच्या घरी, कुणाला कळू न देता, एकटीनंच सगळं निभवायचं, हे मला पटत नाही. चार महिने तुम्ही एकटीनं काढलेत. आता निदान दोन माणसं तुमच्यासोबत हवीत, एक घरातलं किंवा शेजारचं आणि एक दवाखान्यातलं. दोन्हीला खर्च जवळपास नाही. कसं, ते पुढं सांगते.

आधी "कुठंतरी निघून जावं" याबद्दल. मरावंसं वाटत नाही असं तुम्ही आपणहून लिहिलंत, त्यावर माझा विश्वास आहे. तरी एखाद्या पहाटे विचार दुसरीकडं वळला, "मी नसते तर बरं झालं असतं" असं मनात आलं, तर उजाडायची वाट बघू नका. १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र चालते, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आज बरं वाटत असलं तरी नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा. कुणी बघेल अशी धास्ती असेल तर 'साडी सेंटर' नावानं घाला.

आणि आजच्या आज एक काम करा. घरात फवारणीचं औषध, तणनाशक, उंदराचं औषध काय काय पडलंय ते बघा. आपल्याकडं हे डबे दाराआड, कोठीमागं, न्हाणीच्या कोपऱ्यात असेच पडून असतात. ते सगळं कुलपाच्या पेटीत घाला, जमलं तर पेटी घरातून हलवून शेतातल्या आखाड्यावर ठेवा आणि किल्ली घराबाहेरच्या एखाद्या विश्वासाच्या माणसाकडं द्या. हे मी फक्त तुमच्यासाठी सांगत नाही. सोयाबीन मालकांचंही गेलंय. जिवावर उठणारा विचार बहुतेकदा थोड्या वेळापुरता येतो आणि तेवढ्या वेळात हाताशी काही सापडलं नाही तर माणूस वाचतं. ज्या घरात कर्ज आहे आणि कुणाची तरी झोप उडालीय, त्या प्रत्येक घरानं एवढं करावं असं मला कळकळीनं वाटतं.

आता पहाटेचे तीन. काळीज धडधडतं तेव्हा हृदयाला काही झालं असं वाटून आणखी भीती बसते, आणि भीतीनं धडधड वाढते. त्या वेळी पडून राहू नका, उठून बसा. एक हात पोटावर ठेवा. नाकानं श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत, ओठ चंबूसारखे करून हळूहळू. पाच मिनिटं एवढंच करा. श्वास लांबवून सोडला की हृदयाची गती उतरायला लागते. यानं लगेच झोप येईल असं समजू नका, धडधड उतरली की त्याचं काम झालं. तरीही वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर अंथरूण सोडा, दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर बसा. मोठा दिवा लावू नका, मोबाइलला हात लावू नका. लसूण सोला, शेंगा फोडा, असलं डोकं न लागणारं काम करा. झोप आली की परत आडवं व्हा. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ रोज तीच ठेवा. दुपारी अर्ध्या तासावर झोपू नका, नाहीतर रात्रीची झोप दुपारीच संपते. (धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र मनाचं आहे म्हणून सोडून देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा.)

रात्रीच्या मोबाइलवरून मी तुम्हाला रागावणार नाही. सगळे झोपल्यावरचे ते दोन तास सोडले तर दिवसभरात तुमच्या हक्काचं काहीच नाही. त्या वेळात कुणी हाक मारत नाही, म्हणून ते सोडवत नाहीत. तर ती वेळ ठेवा, फक्त डोळ्यांपुढचा पडदा काढा. दिवा मालवून कीर्तन ऐका, गाणी ऐका, रेडिओ ऐका, आणि अकराच्या सुमारास फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावून या. चहा दुपारी चारनंतर बंद. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मं अंगात असतं आणि शिलाईवाल्यांना कपामागून कप लागतो हे मला माहीत आहे. मिश्री लावत असाल तर रात्रीची तरी सोडा, तंबाखूही झोप तोडते.

ती गोळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. झोपेच्या बऱ्याच गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, कारण त्यांची सवय लागते आणि हळूहळू एकीच्या दोन लागतात. मेडिकलमधून परस्पर पुन्हा आणू नका. अधूनमधून म्हणता म्हणता रोजची झाली असेल तर मात्र मनानं एकदम तोडू नका, त्याचाही त्रास होतो. रिकामं पाकीट जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता हप्ता. पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ तिथं थांबले. मनाच्या दुखण्याचं मूळ पैशात असेल तर नुसते श्वास मोजून भागत नाही, त्या पैशालाही हात घालावा लागतो.

तुमच्याकडं मापाची वही असणारच. ती उलटी करा आणि मागच्या पानापासून लिहायला लागा. वेळ दुपारची, सासूबाई आडव्या झाल्यावरची पंधरा मिनिटं. पानाच्या मधोमध रेघ ओढा. एका बाजूला आपल्या हातातलं, दुसऱ्या बाजूला हाताबाहेरचं. सोयाबीन गेलं, ते हाताबाहेरचं. पाऊस हाताबाहेरचा. समजा गुरुवारच्या हप्त्याला सहाशे कमी पडतात, हे हातातलं, म्हणून त्याच्याखाली पुढचं लिहा: कुणाकडं शिलाई राहिलीय, कुणाला आज निरोप धाडायचा, गटाच्या बैठकीत मुदत मागायची का. कुणाचं किती देणं, व्याज काय, शेवटचा हप्ता कधी, हे सगळं एकदा आकड्यांत मांडा. आकडा बघून छातीत कळ येईल, पण लिहिलेला आकडा रात्रीच्या अंधारातल्या आकड्याएवढा फुगत नाही. पहाटे तोच विचार पुन्हा आला की मनाशी म्हणा, "ते वहीत आहे, दुपारी बघू." पहिले काही दिवस मन ऐकणार नाही. दुपारी खरंच वही उघडत राहिलात की ऐकायला लागतं.

आणि वसुलीवाला. कमी उत्पन्नाच्या घरांना बिनतारण दिल्या जाणाऱ्या अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम घालून दिलेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करणं, सारखे फोन करत राहणं, शिवीगाळ करणं, धमकावणं, चारचौघांत कर्जदाराचं नाव जाहीर करणं, हे सगळं त्यात जाचाचं वागणं म्हणून मना केलेलं आहे. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणी व्हायला हवी. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तिथं कर्जदार आलाच नाही तरच माणूस घरी येऊ शकतो. घरावरच्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्जही द्यायचं नसतं. तुमच्या लोन कार्डावर तक्रार कुठं करायची ते छापलेलं असतं. आधी तिथं लेखी तक्रार द्या आणि तिची पोच ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. तिला फी नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. कर्ज फेडायचं आहेच, ते तुम्ही नाकारत नाही. पण सकाळी सातला दारात कुणी बसणार नाही एवढं मागायचा तुम्हाला हक्क आहे. गटातल्या आणखी दोघीतिघींच्या दारात हाच माणूस बसत असेल, तर सगळ्यांनी मिळून एकच अर्ज करा.

मशीनवर बसता पण काम सरकत नाही, हा आळस नाही. उदासीत आधी हुरूप जातो, मग काम थांबतं, काम थांबलं की आणखी अपराधी वाटतं आणि हुरूप आणखी जातो. हुरूप आला की काम करू असं म्हणत बसलं तर तो येत नाही. उलट्या बाजूनं सुरुवात करावी लागते, आधी छोटं काम, मग मन मागून येतं. हे मी नुसती समजूत घालायला सांगत नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये उदासीचा बराच मोठा त्रास असलेल्या लोकांना, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ बैठकांत मुख्यतः हेच शिकवलं: आपल्याला बरं वाटणारी कामं पुन्हा दिवसात कशी आणायची. २०१७ साली त्याचे निकाल छापून आले. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या शंभरातल्या ६४ जणांचा त्रास बराच उतरला होता, आणि ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात शंभरातल्या ३९ जणांचा. त्या बैठकांतलं मुख्य औषध विकत मिळणारं नव्हतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर उद्या अख्खा ब्लाउज संपवायचा असं ठरवू नका. सकाळी दहाला बसायचं आणि दोन बाह्या जोडून उठायचं. दोन बाह्या झाल्या की मापाच्या वहीत टिक करा. चार दिवस तेवढंच. पुढं आपोआप हात वाढतो. दुसरं, भजनी मंडळ. टाळ घ्यायचा नाही, म्हणायचं नाही, वाटलं तर नुसतं भिंतीला टेकून अर्धा तास बसून यायचं. पहिल्या दिवशी करमणार नाही, चारजणी "कुठं होतीस इतके दिवस" म्हणतील, तरी जा. तिसरं, चालणं. गावात बाई उगाच फिरायला निघाली की लोक बघतात, म्हणून निमित्त काढा. मालकांचा डबा गाडीवर न धाडता पायी घेऊन जा, किंवा दूध घालायला स्वतः जा. आठवड्याला सगळं मिळून १५० मिनिटं भरभर चालणं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलंय, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. सकाळच्या उन्हात चाललात तर रात्रीच्या झोपेलाही मदत होते. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय असेल तर ती मोडा. उपाशीपोटी धडधड आणि चिडचिड दोन्ही वाढतात.

लेकरांवर हात उठतो त्याबद्दल तुम्हाला पुरेसं वाईट वाटलंय, त्यात मी भर घालत नाही. राग चढतोय असं वाटलं की खोलीबाहेर जा, तोंडावर पाणी मारा, मग या. हात उठलाच तर नंतर लेकराला जवळ घेऊन सांगा, "माझी झोप होत नाही म्हणून मी चिडते, तुझी चूक नव्हती." लेकरं आपल्यामुळंच आई रडते असं धरून बसतात, तो घोर त्यांच्या डोक्यातून काढायला हवा.

आता माणसांकडं येते. आपल्या भागातल्या बायका जात्यावर बसून सासरचं, माहेरचं, गेलेल्या लेकराचं सगळं ओवीत सांगायच्या. गिरण्या आल्या, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं, पण दोघींनी समोरासमोर बसायची ती वेळही गेली. ती आता मुद्दाम काढावी लागते. गटातली, आळीतली, नाहीतर माहेरची एक बाई निवडा, जी ऐकलेलं पुढं सांगत नाही. तिला असं म्हणा: "चार महिने झाले मला झोप नाही, जिवाला घोर लागलाय. तू उपाय सांगू नको, दहा मिनिटं माझ्याजवळ बस." हे शब्द आधी पाठ करून जा, नाहीतर दारात पोचल्यावर आपण "काही नाही, सहज आले" म्हणून परत फिरतो.

दवाखान्याचं मी अजिबात ढकलू देणार नाही. उदासी, तुटकी झोप, कशात जीव न लागणं हे दोन आठवड्यांवर टिकलं की दाखवायला हवं, तुमचे तर चार महिने झालेत. त्यासाठी लगेच दिवस मोडायची गरज नाही. १४४१६ वर दुपारी फोन करा, घरातून बोलता येत नसेल तर डबा घेऊन जाताना वाटेत बोला. पुढं कुठं दाखवायचं ते त्यांना विचारा. गावच्या उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही सांगता येतं, झोप नाही एवढं सांगितलं तरी सुरुवात होते. मनाच्या डॉक्टरांसाठी परभणीचं जिल्हा रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ते तुम्ही काढतच असाल. म्हणजे हजार-बाराशेचा प्रश्न उरत नाही, एका दिवसाच्या मजुरीचा उरतो. तो दिवस सणासुदीच्या शिलाईच्या गर्दीआधीच काढा.

तिथं गेलात की रक्त तपासायला सांगा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, आणि होत असेल तर बी-१२. थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असंच थकतं, चिडतं, धडधडतं, आणि त्याचा इलाज वेगळा असतो. डॉक्टरांनी उदासीवर गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणूनही मनानं सोडू नका, विचारूनच कमी करा. या गोळ्या आणि मेडिकलवाल्यानं दिलेली झोपेची गोळी एकसारख्या नसतात. आणि गावाची भीती असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ लक्षात ठेवा. तुमच्या आजाराची माहिती गुप्त राखणं दवाखान्यावर बंधनकारक आहे.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांनाही तुमचं बिघडलेलं दिसतंय, त्यांना सुचतं ते त्या सांगतात. देवाला जायचं तर दोघी जा, सप्त्याला जाऊन बसा, चार माणसांत जीव रमतो. पण बाहेरचं बघणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका आणि अंगारे-धुपारे, उपास यांच्यापायी दवाखाना लांबवू नका. त्यांना असं सांगून बघा: "आत्याबाई, आधी रक्त तपासून येते, मग तुमचंही ऐकते."

आणि मालक. पत्रात त्यांच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, शेताची. पीक गेलेला माणूस बोलत नाही, उशिरा घरी येतो, जेवण टाकतो, कुणी कुणी प्यायला लागतो. यातलं काही दिसत असेल तर मागच्या पानांची वही दोघांनी मिळून उघडा. देणं एकीच्या डोक्यात आणि नुकसान दुसऱ्याच्या डोक्यात, असं वेगवेगळं ठेवू नका. परभणीला दोघं मिळूनच गेलात तर उत्तम. त्यांच्याही झोपेची चौकशी तिथंच करा, त्यांच्या नावाचा वेगळा केसपेपर काढा. आधार कार्ड, गोळीचं ते रिकामं पाकीट आणि आधीचे काही रिपोर्ट असतील तर सोबत न्या, सकाळच्या पहिल्या गाडीनं निघा, कारण सकाळची ओपीडी दुपारपर्यंतच असते. मिळालेला केसपेपर मापाच्या वहीतच ठेवा, पुढच्या वेळी तोच लागतो.